तळाचें बूच

आमच्या कुटुंबाच्या मोटारीनें आम्हांस नुकताच एक धडा दिला, तो वाचकांपुढें मांडावा असें वाटतें. आपोआप गिअर बदलणारी गाडी आतां पुष्कळ घरीं आली आहे. परंतु तिच्या पोटांत काय चालतें याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

आमची गाडी घेतली ती थोरल्या काकांच्या गुडघ्यासाठीं. क्लच दाबणें त्यांना जमेना, आणि चालकाची जागा सोडणें त्यांना मानवेना. सोलापुराहून तुळजापूर सुमारें ४५ किलोमीटर. देवीच्या दर्शनाला निघालों असतां घाटाच्या चढावर इंजिन गरजूं लागलें, पण गाडी पुढें सरकेना. आंत काकू, वहिनी आणि दोन मुलें. मागें मालमोटारींची रांग. गाडी कशीबशी कडेला घेतली, तेव्हां काकांचे हात थरथरत होते.

गॅरेजांत गिअरबॉक्सच्या तळाचें पसरट भांडें, ज्याला कारागीर 'चेंबर' म्हणतात, तें उतरविलें. नवें असतांना लालभडक असलेलें तेल काळें पडलें होतें व त्याला जळकट वास येत होता. तळांतील लोहचुंबकावर लोखंडाच्या चुऱ्याचा थर होता. "मालक, हें तेल कधीं बदललें होतं?" मेस्त्रीनें विचारलें. कोणालाच आठवेना, कारण तें कधींच बदललें नव्हतें.

इंजिनचें तेल मात्र आम्ही नियमानें बदलीत आलों होतों. असें कां व्हावें? इंजिनच्या तळाला बूच असतें. तें सोडलें कीं तेल मोकळें. आमच्या गिअरबॉक्सच्या चेंबरला बूचच नव्हतें. तेल काढावयाचें तर पंधरावीस बोल्ट सोडून सगळें भांडें उतरवावें लागे, आणि उतरवितांना तेल अंगावर सांडे. म्हणून दर वेळीं 'पुढच्या खेपेस पाहूं' असें होत गेलें.

सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या पद्मिनी गाडींत गिअर हातानें बदलावा लागे, आणि तसल्या गिअरबॉक्समधील तेलाचें मुख्य काम दांतांना वंगण देण्याचें. आपोआप चालणारी गिअरबॉक्स जनरल मोटर्सनें १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांबरोबर बाजारांत आणली. तींत तेल केवळ वंगण नव्हे. इंजिनचा जोर चाकांकडे नेणारें, दाबानें आंतील क्लच आवळणारें आणि उष्णता वाहून नेणारें तेंच. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळीस अंशांवर जातो. त्यांत घाटाचा चढ आला कीं तेल अधिकच तापतें व लवकर निकामी होतें. कित्येक माहितीपुस्तिकांत हें तेल 'आयुष्यभराचें' म्हटलेलें असतें. पण कोणाचें आयुष्य, हें वाचणारानें विचारावें.

चेंबरला बूच बसवावें असें मेस्त्रीनें सुचविलें, तेव्हां काका म्हणाले, "धडधाकट भांड्याला भोंक पाडायचें?" ही शंका रास्त होती. प्रत्येक भोंक ही गळतीची एक वाट असते, व तेल गळालें तर गिअरबॉक्स अल्पावधींत निकामी होते. म्हणून काम कसें झालें तें सांगतों. चेंबर पत्र्याचें होतें. तें गाडीपासून सुटें करूनच भोंक पाडलें. जागा खोल भागाजवळची, पण आंतील गाळणीला आड न येणारी आणि गतिरोधकाला न घासणारी अशी निवडली. आंतबाहेर वायसर व नट घालून बूच आवळतां येतें. परंतु कंपनानें तें सैल होण्याची धास्ती राहते. म्हणून आटे पाडलेला पोलादी बुश वेल्डिंगनें जोडला. वेल्डिंगच्या उष्णतेनें कडा वांकली नाहीं ना, तें पाहिलें. लोखंडाचा कीस धुऊन काढला, आणि भांड्यांत रॉकेल भरून रात्रभर ठेवलें. सकाळीं खालचा कागद कोरडा होता.

चेंबर प्लास्टिकचें असेल तर हा उद्योग करूं नये. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर आधीं कंपनीला विचारावें. कांहीं गिअरबॉक्सना तेलाची पातळी पाहण्याचें निराळें बूच असतें, तें निचऱ्याचें समजूं नये. शिवाय बूच सोडल्यानें सगळें तेल येत नाहीं. बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्यें राहतो. जितकें निघालें तितकें, पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच, मोजून भरावें आणि नेमून दिलेल्या उष्णतेला पातळी तपासावी. गाळणी व लोहचुंबक साफ करण्यासाठीं चेंबर केव्हां तरी उतरवावेंच लागतें. जुनें तेल गटारांत न ओततां अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जाईल असें पाहावें.

आमचें बूच मात्र उशिरा बसलें. आंतील क्लचच्या चकत्या झिजून गेल्या होत्या. त्या बदलण्यांत दिवाळीसाठीं बाजूला ठेवलेली रक्कम संपली. पाणी साठविण्याची संवय असलेल्या या शहरांत आम्ही टाकी बांधतांना तळाशीं निचऱ्याची तोटी आठवणीनें ठेवतों, कारण जी टाकी धुवावयास अवघड ती कोणी धूत नाहीं. तोच न्याय गाडीला लावावयास आम्ही चुकलों. जें काम आपण वर्षानुवर्षें पुढें ढकलतों, त्याचें कारण पुष्कळदां आळसापेक्षां त्याच्या अडचणींत असतें. ती अडचण एकदां दूर करणें हेंच खरें देखभालीचें काम.

काकांनीं तेल बदलल्याची तारीख व किलोमीटर एका वहींत लिहून ठेवले आहेत. वाचकांनींही या रविवारीं आपल्या मेस्त्रीला एवढेंच विचारावें: आमच्या गिअरबॉक्सचें तेल शेवटचें कधीं बदललें, आणि तें काढावयाची वाट कोठें आहे?