खोडदच्या दुर्बिणीला ‘जुगाड’ म्हणू नका

१/ खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा विषय निघाला की ‘अस्सल भारतीय जुगाड’ असे कौतुक हमखास होते. या कौतुकात इतिहासाचा विपर्यास आहे.

२/ जुगाड म्हणजे हाताशी असेल त्यावर वेळ मारून नेणे. १९६५ साली कल्याणला ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांवर दुर्बीण उभी राहिली. तिला हवे तर जुगाड म्हणावे. खोडदला नाही.

३/ जाळीची भोके लहरीच्या लांबीपेक्षा बरीच लहान असली, तर त्या लहरीला ती जाळी आरशासारखीच असते. जीएमआरटी टिपते त्या लहरी सुमारे २० सेंटीमीटर व त्याहून लांब. मग अखंड पत्रा कशाला? गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी पोलादी दोरांवर बारीक तारांची जाळी ताणली. भोके १ ते २ सेंटीमीटरची.

४/ वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका. सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अशा उभ्या राहिल्या. त्यामागे कल्याण, १९७० ची ५३० मीटर लांबीची उटीची दुर्बीण आणि सुमारे तीन दशकांचा अभ्यास होता.

५/ ‘जुगाड’ म्हणताच हा अभ्यास पुसला जातो. उरतो तो सोयीचा निष्कर्ष: आपल्या शास्त्रज्ञांना निधी, वेळ, प्रयोगशाळा कशाला? ते भागवून नेतील! खोडदची स्वस्ताई दीर्घ संशोधनातून आली. त्या संशोधनाचा खर्च नाकारणाऱ्यांनी तिचा दाखला देऊ नये.