टेम्पोवरची जकात

गेल्या वर्षी ३० ऑगस्टला माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. दारात नवा कोरा छोटा टेम्पो उभा होता, काचेवर हार, सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. आष्ट्याहून भाजी आणि केळी सांगलीच्या बाजारात पोचवण्याचं त्याचं काम. "सर, यात एक रुपया व्याजाचा नाही," तो म्हणाला. हे ऐकायला मला किती बरं वाटलं, ते वाचकांपैकी अनेकांना सांगावं लागणार नाही. आईनं घातलेली अट होती ती. सहा वर्षं त्यानं पैसे साठवले. शेवटी कमी पडले तेव्हा जुना टेम्पो विकला आणि दोन महिने भाड्याच्या गाडीवर धंदा केला.

चारच दिवसांनी, ३ सप्टेंबरच्या रात्री, जीएसटी परिषदेचा निर्णय आला. मालवाहू वाहनांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के. लागू कधी? २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. त्याच्या टेम्पोची करापूर्वीची किंमत धरा ५ लाख. २८ टक्क्यांनी ती होते ६ लाख ४० हजार, १८ टक्क्यांनी ५ लाख ९० हजार. तेवीस दिवसांच्या फरकानं पन्नास हजार रुपये गेले. त्याच्या साठवणुकीतले जवळजवळ सहा महिने.

तो चिडला नाही. "नशीब, सर," एवढंच म्हणाला.

माझं भांडण या 'नशीब' शब्दाशी आहे. पाऊस पडणं न पडणं तकदीर असेल. पण कराचा दर कोणीतरी खोलीत बसून ठरवतं, त्याची तारीख कोणीतरी निवडतं, आणि बुकिंग फॉर्मवरची बारीक अक्षरं कोणीतरी लिहितं. माणसाने केलेल्या गोष्टी अल्लाहच्या नावावर लिहून मोकळं होणं ही धार्मिकता नाही.

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार असं जाहीर केलं. किती कमी, कशावर, कधी, यातलं काही नक्की नव्हतं. 'दिवाळीपर्यंत' एवढंच कळलं. ज्याला गाडी मौजेसाठी घ्यायची होती तो थांबला. शोरूम ओस पडली. पण ज्याचं पोट गाडीवर आहे तो कसा थांबणार? माझ्या विद्यार्थ्यानं विचारलं होतं. विक्री करणारा मुलगा म्हणाला, "ते कारचं चाललंय, टेम्पोला नाही. आज बिल केलं नाही तर तुमचा नंबर पुढच्याला जाईल." त्या मुलालाही खरं माहीत नसणार, त्याच्यावर माझा राग नाही. रोजचं गाडीभाडं अंगावर घेऊन माझा विद्यार्थी आणखी किती थांबणार होता? घोषणा आणि अंमल यांमध्ये ३८ दिवस गेले. त्या ३८ दिवसांची किंमत ज्याला थांबणं परवडत नव्हतं त्यानेच भरली.

आता याच काळात इतर कोणाचं काय अडकलं आणि त्याचा आवाज कुठवर गेला ते पाहा. मोटारींवर जीएसटीशिवाय भरपाई उपकर होता. तो २२ सप्टेंबरला संपला आणि विक्रेत्यांच्या खात्यावर भरलेल्या उपकराची जमा तशीच पडून राहिली, कारण ती वळती करायला पुढे उपकरच उरला नाही. वाहन विक्रेत्यांच्या देशव्यापी संघटनेनं, फाडानं, हा आकडा सुमारे २,५०० कोटी सांगितला. मंत्रालयापर्यंत निवेदनं गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तक्रार रास्त होती, तिला माझा विरोध नाही. पण टेम्पोवाल्यांची अशी संघटना कुठे आहे?

आणखी एक गोष्ट, जी बातम्यांत आली नाही. जीएसटीत नोंदणी असलेली कंपनी मालवाहू गाडी घेते तेव्हा तिला भरलेला कर सहसा पुढच्या करातून वळता करून घेता येतो. तिच्यासाठी २८ काय आणि १८ काय, पैसा फिरून परत येतो. ज्याची नोंदणीच नाही अशा एका टेम्पोच्या मालकाला हा मार्ग नाही. कर त्याच्यापाशी येऊन थांबतो. म्हणजे एकाच टेम्पोवर मोठी कंपनी कर भरून परत घेते, आणि आष्ट्याचा माणूस तोच कर कायमचा भरतो.

मी शाळेत दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून एक शब्द नेहमी डोक्यात घोळतो. मराठीत 'जकात' म्हणजे नाक्यावर मालावर घेतला जाणारा कर. आयात शुल्कालाही आपण आयात जकात म्हणत आलो. शब्द एकच, पण आपल्या दीनमधली जकात उलट्या दिशेनं चालते. तिला निसाबची मर्यादा आहे. गरज भागून वर्षभर जे शिल्लक राहिलं त्यातूनच ती निघते, अडीच टक्के, आणि ती जाते गरजवंताकडे. फिकहच्या जाणकारांनी कारागिराच्या कामाच्या अवजारांवर आणि रोजच्या वापरातल्या स्वारीवर जकात धरलेली नाही. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा बैल हिशेबातून बाहेर, कारण त्यावर तर पोट चालतं. देशाचा कायदा शरियतवर चालावा असं मी म्हणत नाही, कोणी तसं वाचू नये. मी एवढंच म्हणतो की अवजार आणि ऐश यांतला फरक ओळखायला चौदाशे वर्षांपूर्वी जमलं होतं. टेम्पो हे अवजार आहे.

आपल्या राज्यानं तो फरक कसा ओळखला? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात दोन प्रस्ताव शेजारी शेजारी होते. तीस लाखांहून महाग विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर, आणि साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर. पर्यावरणाचं कारण देऊन पहिला प्रस्ताव त्याच अधिवेशनात मागे घेतला गेला. दुसरा राहिला. भाजीचा टेम्पो बहुधा पर्यावरणात बसत नसावा.

आयात शुल्काची कथाही अशीच आहे. परदेशातून तयार येणाऱ्या मोटारीवर आपल्याकडे ७० ते ११० टक्के शुल्क. १०० रुपयांची मोठी गाडी बंदरावर उतरली की ११० टक्क्यांनी २१० ची होते, त्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे २९४. जुलै २०२५ मध्ये टेस्लाचं दुकान मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं तेव्हा सर्वांत स्वस्त गाडीची किंमत जवळजवळ साठ लाख निघाली आणि चॅनेलवर आठवडाभर हळहळ चालली. स्वदेशी उद्योग वाचवायचा तर भिंत हवी, असं एक पक्ष म्हणतो. भिंत पाडा, गाड्या स्वस्त होतील, असं दुसरा म्हणतो. दोघांच्या डोळ्यांसमोर तीच साठ लाखांची गाडी आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला, जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्या. ठरावीक संख्येच्या मोटारींवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर येणार. सवलत कोणत्या गाड्यांना, हे सांगायला नको.

मात्र टेम्पो ज्या पत्र्याचा बनतो त्याचं काय? २१ एप्रिल २०२५ ला केंद्रानं परदेशातून येणाऱ्या सपाट पोलादी मालावर २०० दिवसांसाठी १२ टक्के संरक्षण शुल्क लावलं. देशातल्या पोलाद कारखान्यांना ते हवं होतं. पण स्वस्त आयातीचा धाक गेला की देशी पत्र्यालाही भाव चढवायला मोकळीक मिळते. त्याची झळ ट्रॉली बांधणाऱ्या वेल्डरला लागते, टेम्पोची बॉडी बांधणाऱ्याला लागते, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात उतरते. बिलावर 'संरक्षण शुल्क' अशी ओळ कधी छापलेली नसते, म्हणून ते कोणाला दिसत नाही.

मोठ्यांना दिसतं आणि त्यावर भांडताही येतं. छत्रपती संभाजीनगरात गाड्या जोडणाऱ्या स्कोडा-फोक्सवॅगन कंपनीला सीमाशुल्क खात्यानं सप्टेंबर २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलरची मागणी पाठवली. खात्याचा आरोप असा की जवळजवळ अख्ख्या गाड्या सुट्या भागांच्या वेगवेगळ्या खेपांतून आणल्या आणि ३० ते ३५ टक्क्यांऐवजी ५ ते १५ टक्के शुल्क भरलं. कंपनीला आरोप मान्य नाही, ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्याय काय व्हायचा तो होवो. पण गाडी म्हणजे काय आणि गाडीचे भाग म्हणजे काय, यावर मोठे वकील दिवसचे दिवस बोलू शकतात. माझ्या विद्यार्थ्याच्या बिलावर ३० ऑगस्ट ही तारीख पडली आणि विषय संपला.

ज्यांच्या आजोबांनी स्कूटर बुक केली होती त्यांना हे नवं वाटणार नाही. तेव्हाही आयातीला भिंत होती आणि आत परवान्यांचं राज्य. पुण्याच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत असत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र ती लवकर मिळे, म्हणून कोणाचा भाऊ आखातात असला की अख्ख्या गल्लीला त्याचा आधार वाटायचा. आता रांग लहान झाली आहे, पण रांगेतल्या माणसाचे हक्क तेवढेच लहान राहिले आहेत.

'बयाना' हा शब्द 'बै'वरून आला, बै म्हणजे विक्री. बयाना दिला की सौदा झाला, भाव ठरला, असा आपला जुना समज. इस्लामी व्यवहारात तर सौद्याच्या वेळी किंमत माहीत असणं ही मूळ अट आहे. त्याच्या जुलैच्या बुकिंग फॉर्मवर मी नंतर वाचलं: 'डिलिव्हरीच्या दिवशी असलेली किंमत लागू राहील.' पंचवीस हजार त्याचे अडकले, भाव मात्र समोरच्याच्या हातात. १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम ६४अ आहे. करारानंतर कर वाढला तर विक्रेत्यानं तेवढा वाढवून घ्यावा आणि घटला तर ग्राहकानं तेवढा कापून घ्यावा, असं ते दोन्ही बाजूंनी सांगतं. पण 'करारात वेगळं ठरलेलं नसेल तर.' आणि फॉर्ममध्ये ते वेगळं ठरलेलंच असतं. सप्टेंबरात बहुतेक कंपन्यांनी कर उतरल्याबरोबर किमती उतरवल्या, हे मी मान्य करतो. पण तो त्यांनी दिला म्हणून मिळाला. उद्या मूळ किंमतच दोन टक्के चढवली तर बुकिंगवाल्यानं जाब कुठे विचारायचा?

जीएसटी कायद्याच्या कलम १७१ नुसार कर कमी झाल्याचा फायदा ग्राहकाला मिळालाच पाहिजे. त्यासाठी नफेखोरीविरोधी यंत्रणा होती. १ एप्रिल २०२५ पासून तिनं नव्या तक्रारी घेणं बंद केलं. म्हणजे जीएसटी आल्यापासूनची एवढी मोठी करकपात झाली, आणि तक्रारीचा दरवाजा सहा महिने आधीच लावून घेतलेला. उरला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर.

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, बुकिंग फॉर्मवर करापूर्वीची किंमत आणि कर वेगळे लिहावेत. करापूर्वीची किंमत ठरलेल्या मुदतीपर्यंत बदलता येऊ नये, आणि कर घटला तर कपात आपोआप व्हावी. दुसरी, कलम १७१ ची तक्रार घेणारी यंत्रणा पुन्हा सुरू करावी. तिसरी, १५ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर २०२५ या काळात ज्या बिननोंदणी छोट्या मालकांनी टेम्पो किंवा रिक्षा घेतल्या, त्यांना फरकाची रक्कम परत द्यावी. हे अवघड नाही. प्रत्येक गाडीचा चासी नंबर, मालकाचं नाव आणि नोंदणीची तारीख 'वाहन' पोर्टलवर सरकारपाशी आहे. कोणाला किती द्यायचे याची यादी एका दुपारी निघेल.

आणि आपल्या माणसांसाठी एक सांगणं. आपल्याकडे गॅरेज, ड्रायव्हिंग, फळांचा धंदा यांत असलेल्या घरांची कमी नाही. व्याज टाळणारा माणूस आधी पैसे साठवतो, आणि तो साठवत असताना दर जानेवारी-एप्रिलला किंमत त्याच्या पुढे पळते. म्हणून भावाची हमी त्याला इतरांहून जास्त हवी. फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर शाळेत या, कोणताही शिक्षक वाचून दाखवेल. जमातीच्या कमिटीनं लग्नाच्या जेवणावर चर्चा करून झाली की अर्धा तास यालाही द्यावा.

गेल्या शुक्रवारी माझ्या विद्यार्थ्यानं अर्थमंत्रालयाला आणि आपल्या खासदारांना अर्ज पाठवला. मी फक्त शुद्धलेखन तपासलं. सोबत बिलाची झेरॉक्स आहे. त्या ३८ दिवसांत आष्टा आणि आसपासच्या गावांत ज्यांनी टेम्पो-रिक्षा घेतल्या त्यांनी आपापलं बिल घेऊन यावं, पुढचा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी जाईल.