घरातल्या कासवाचं करायचं काय? कायदा कडक झाला, वाट मात्र कुणी दाखवली नाही

लक्ष्मी येते म्हणून, वास्तूला चांगलं म्हणून, नाहीतर पोरानं हट्ट धरला म्हणून घरात कासव येतं. आणताना सोपं असतं. अडचण होते चार-सहा महिन्यांनी. कासव खाईना, डोळे उघडेना, पाठ दाबली तर मऊ लागते. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी बातमी टाकतं, कासव पाळणाऱ्यावर गुन्हा दाखल. घरातले घाबरतात आणि अंधार पडल्यावर पिशवीत घालून ते विहिरीत नाहीतर ओढ्यात सोडून देतात. आपण सुटलो, असं त्यांना वाटतं. कासव मात्र सुटत नाही.

आधी आपल्याकडे कोणतं कासव आहे ते बघा, कारण सगळा फरक तिथंच आहे.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर ते स्टार कासव. ते जमिनीवर राहणारं, पाला खाणारं. त्याला पोहता येत नाही. पाण्याच्या टबात ठेवलं की ते बुडून मरतं आणि लोक म्हणतात, आजारी होतं. दुसरं आपल्या तळ्या-ओढ्यातलं मऊ पाठीचं कासव, नांगरताना किंवा मासे धरताना सापडतं ते. ही दोन्ही कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, वर किमान 25 हजार रुपये दंड. 'पाळलंय, मारलं तर नाही ना' हे तिथं चालत नाही. 20 नखांचं कासव पैशाचा पाऊस पाडतं म्हणून लाखांच्या गोष्टी करणारी टोळकी वेगळीच. त्यांच्या नादाला लागू नका, एवढंच.

तिसरं म्हणजे डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं, हिरवं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. तालुक्याच्या फिश टँकच्या दुकानात मिळतं ते हेच. हे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. देशी कासवांचं कलम याला लागत नाही, म्हणून उघड विकलं जातं. पण विकणारा सांगत नाही की हे वीतभर किंवा त्याहून मोठं होतं आणि नीट ठेवलं तर 20-30 वर्षं जगतं. म्हणजे पोरगं पहिलीत असताना आणलेलं कासव त्याच्या लग्नालाही हजर असणार.

हे कासव घरात असेल तर ते जगवायची जबाबदारी आपलीच, आणि ती जड नाही. बहुतेक कासवं मरतात ती ऊन न मिळाल्यानं. कासवाचं अंग स्वतःहून गरम राहत नाही. उन्हात बसलं तरच अन्न पचतं, आणि उन्हानंच अंगात ड जीवनसत्त्व तयार होऊन पाठीचं कवच टणक होतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. रोज सकाळी तास-दीड तास अंगणात ठेवा, पण निम्म्या टबावर सावली हवीच, नाहीतर तापलेल्या पाण्यात ते शिजून निघेल. टबात चढून कोरडं बसायला वीट किंवा दगड टाका. कावळा, मांजर, कुत्रं यांच्यावर लक्ष असू द्या.

दुकानदार सुकी कोळंबी देतो. नुसत्या तिच्यावर ठेवलं तर अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि डोळे सुजून बंद होतात. डोळे मिटलेलं कासव खात नाही, मग लोक म्हणतात झोपलंय. कासवाचे दाणे, काट्यासकट बारीक मासा, गाजर, जास्वंदीचा किंवा शेवग्याचा पाला द्या. भात, चपाती, फरसाण नको. थंडीत खाणं कमी होतं, पण नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा तिरकं पोहत असेल तर न्यूमोनिया समजा आणि डॉक्टर गाठा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशीची सवय, कासवाची नाही. तरी आधी फोन करून विचारा. माणसाच्या गोळ्या मनानं देऊ नका.

एक गोष्ट घरच्या बाईमाणसांसाठी आणि लेकरांसाठी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, जुलाब-ताप होतो. याच कारणानं अमेरिकेनं 1975 पासून चार इंचांखालची कासवं विकायला बंदी घातली. हात लावल्यावर साबणानं धुवा, आणि कासवाचं पाणी भांडी घासायच्या जागी ओतू नका.

आता विहिरीचं. पाणी साफ राहतं म्हणून विहिरीत कासव सोडायची आपल्याकडं जुनी रीत आहे. पण बांधीव विहिरीत त्याला वर येऊन उन्हात बसायला जागा नाही, अंडी घालायला माती नाही. लाल पट्ट्याचं कासव तळ्यात सोडलं तर उलटाच घोळ. जगातल्या सगळ्यात वाईट 100 घुसखोर जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या कासवांचं खाणं आणि बसायच्या जागा ते बळकावतं.

मग द्यायचं कुणाला? इथं कायदा अर्धाच बोलतो. 2022 च्या दुरुस्तीनं प्राणी स्वखुशीनं जमा करायची सोय केली, पण ती मालकीचं प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी. इग्वाना, बॉल पायथन अशा परदेशी जातींसाठी फेब्रुवारी 2024 मध्ये ऑनलाइन नोंदणीचे नियम आले. खेड्यात ज्याच्या घरी भाच्यानं आणून दिलेलं स्टार कासव आहे, त्याच्याकडे ना कागद ना पोर्टल. तो वन खात्याच्या दारात जाईल का? भीतीपोटी ओढाच जवळचा वाटणार.

आमच्या मते वन खात्यानं वर्षातून एकदा तालुक्याला दिवस ठरवावा, ग्रामपंचायतीत फलक लावावा आणि आणून देणाऱ्याची उलटतपासणी होणार नाही हे लेखी सांगावं. विकणाऱ्याला धरा, जरूर धरा. तोवर, देशी कासव घरात असेल तर 1926 या वन खात्याच्या हेल्पलाइनला फोन करा, शक्यतो सरपंच किंवा पोलीस पाटलांना सोबत घेऊन. माणसं येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, कोरड्या गोणपाटावर, सावलीत ठेवा. स्टार कासव आपल्या माळावर सोडू नका, कारण ते बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यातून चोरून आणलेलं असतं आणि हा त्याचा मुलूख नाही.