संगणकाचा खोडवा ठेवायचा की मोडायचा?



आपल्या या पत्रिकेत बेणे, ठिबक, माती परीक्षण यांवर जाणकार मंडळी लिहितात. मी संगणकावर लिहायला बसलो म्हणून कुणी हसू नये. ऊस बिल जमा झालं की घरात जे चार-दोन खर्च डोकं वर काढतात, त्यांत हल्ली "जुना कॉम्प्युटर काढू, नवा घेऊ" हाही एक असतो. पोरं मागं लागतात, दुकानदार मान डोलावतो, आणि बिलातली चांगली रक्कम बघता बघता जाते. माझे मत असे की, खोडव्याचा निर्णय आपण जसा घेतो तसाच हाही घ्यावा.

ऊस तुटून गेला की बांधावर उभं राहून कुणी खोडवा ठेवत नाही की मोडत नाही. सरीत उतरतो, फुटवे बघतो, तुटाळ किती आहे ते पाहतो. नांग्या भरून भागणार असेल तर रोपं आणतो. पण गवताळ वाढीनं बेटं धरली असतील तर कितीही खत टाका, तिथं नांगरच घालावा लागतो.

माझ्या घरचा संगणक २०१३ सालचा. थोरल्या मुलीच्या शिक्षणासाठी घेतला होता. ती नोकरीला पुण्याला गेली आणि तो माझ्या वाट्याला आला. तोडीच्या नोंदी, मजुरांची उचल, खताचा हिशेब, भावकीच्या वाटणीचे कागद, सगळं त्यात. मागे तो इतका मंदावला की चालू करून गोठ्यात जावं, धार काढून यावं, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. त्यात तारीख रोज मागं जायची, आणि बँकेचं पान उघडायला गेलं की "हे सुरक्षित नाही" असा इशारा. तालुक्याच्या एका दुकानात नेला. त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं, "काका, ह्याचं आयुष्य संपलं," आणि नव्याच्या दराचा कागद हातात दिला.

आता मोटार जळाली म्हणून मी कधी थेट नवी मोटार आणलेली नाही. आधी रिवाइंडिंगवाल्याकडं नेतो. हिशेब तोच. आयटीआय झालेल्या पुतण्याला बोलावलं. त्यानं पहिलं काम कोणतं केलं, तर माझ्या सगळ्या नोंदी दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. मग पिन काढून डबा अंगणात उघडला. आत धुळीची गोधडी! पंखा साफ केला, रॅमच्या पट्टीची टोकं खोडरबरानं घासली. तारखेचं दुखणं निघालं एका बटणाएवढ्या सेलचं, सीआर २०३२ म्हणतात त्याला, ३ व्होल्टचा. तो संपला की वीज बंद केल्यावर घड्याळ थांबतं. आणि घड्याळ चुकलं की बँकेच्या पानाचं प्रमाणपत्र संगणकाला मुदतीबाहेरचं दिसतं, म्हणून तो इशारा. दोन-चार चहांच्या पैशांत हे काम झालं.

मंदपणाचं कारण होतं हार्ड डिस्क. तिच्यात चकत्या असतात, मिनिटाला हजारो फेरे घेतात, बारा वर्षांत झिजणारच. तिच्या जागी एसएसडी बसवली, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. रॅम ४ जीबी होती, जुन्या बाजारातली आणखी ४ ची पट्टी घातली. इथं एक सांगतो. जुन्या संगणकाला डीडीआर ३ लागते, नव्यातली डीडीआर ४ त्या खाचेत बसतच नाही. दुकानात जाताना जुनी पट्टी बरोबर न्यावी. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले, तेव्हा भाव आधी विचारावा. मला एकूण ३,४०० रुपये पडले. आता तो मिनिटाच्या आत उभा राहतो.

एक गोष्ट मात्र पैशानं सुटली नाही. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि साधारण २०१७ च्या अखेरीआधीचे बहुतेक प्रोसेसर कंपनीच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे माझा बसत नाही. मग पुतण्यानं लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं, त्यात मराठी टंकता येतं, हिशेबाचे तक्ते होतात, बँकेचं पान उघडतं. आठवडाभर माझी चिडचिड झाली हे कबूल करतो. पण ज्याला एखादी ठरावीक विंडोजवरची प्रणालीच चालवायची आहे, त्याला हा मार्ग नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या गावच्या दूध संस्थेचा संगणक २०१२ चा आहे. त्यावर विंडोज ७, ज्याचा पुरवठा १४ जानेवारी २०२० लाच संपला. दर दहा दिवसांचं दुधाचं बिल त्यावरच निघतं. दिवाळीच्या तोंडावर तो तीनदा आपोआप बंद पडला आणि बिलं चार दिवस लांबली. सणाला चार दिवस म्हणजे काय, हे ज्याच्या घरी दोनच म्हशी आहेत त्याला विचारा. उघडून पाहिलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. मोटारीच्या पेटीतला फुगलेला कपॅसिटर आपण सगळे ओळखतो, इथलेही तसेच दिसतात, फक्त बोटाच्या पेरापेक्षा लहान.

बैठकीत मी नवा घ्या म्हणालो. लगेच एकानं धरलं, "अण्णा, स्वतःचा तीन हजारांत दुरुस्त केलात, मग संस्थेच्या पैशावर नवा कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. संस्थेचा रुपया जपायलाच हवा. पण माझा संगणक बंद पडला तर माझी वही आहे, नुकसान माझं एकट्याचं. तिथं सगळ्या गावाचं दूध मोजलं जातं. ज्या बोर्डाचाच भरवसा नाही, त्याला नवी डिस्क लावणं म्हणजे मर धरलेल्या बेटाला युरिया टाकण्यासारखं आहे. नवा घेताना एवढंच बघावं की फॅट मशीनची केबल नऊ पिनांच्या जुन्या सिरियल पोर्टची आहे. नव्या संगणकाला तो पोर्ट बहुधा नसतो. कार्ड किंवा यूएसबीचा जोड लागेल, तो विक्रेत्याकडून चालवून दाखवल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत. जुनी प्रणाली नव्यावर उतरवून देणार कोण, हेही आधी लेखी घ्यावं.

विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तोवर सचिवांना रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर प्रत घ्यायला सांगितलं आहे, आणि ते घेतात का, हे मी जाऊन बघतो.

माझी जुनी हार्ड डिस्क भंगारवाल्यानं मागितली होती. दिली नाही. तिच्यात आधार, पासबुक, सातबारा सगळ्यांचे फोटो आहेत. पुसून घेईपर्यंत ती कपाटातच राहील.

— एक सभासद