वडाप आणि परवान्याचा कायदा

पाटणच्या बाजाराला आलेल्या माणसास तो कशाने आला असे विचारले, तर बहुधा एका शब्दात उत्तर मिळते : वडापने. हा शब्द मोटार वाहन कायद्यात कोठेही सापडणार नाही. कायद्याच्या लेखी ते वाहन कधी तीन आसनी रिक्षा असते, कधी सहा आसनी, कधी जीप. आणि त्याचा धंदा मात्र बहुतेक वेळा बेकायदा असतो. १९८८ च्या कायद्याप्रमाणे रिक्षास मिळतो तो कंत्राटी वाहतुकीचा परवाना. एका गिऱ्हाईकाने सबंध वाहन ठरवावे आणि मुक्कामी पोचून हिशेब करावा, ही त्यामागील कल्पना. वाटेत माणसे घ्यावयाची, उतरवावयाची आणि माणशी भाडे आकारावयाचे, ही टप्पा वाहतूक झाली. आणि तिचा मान राज्य परिवहन महामंडळाकडे आहे.

हा कायदा शहर डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, हे उघड आहे. रिक्षांविषयी राज्यात गेल्या काही दशकांत जे वाद गाजले तेही मुख्यतः शहरांचेच. १९९७ साली परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आली, जून २०१७ मध्ये ती उठविण्यात आली. भाड्याच्या सूत्रासाठी आधी हकीम समिती झाली, मग खटुआ समिती झाली. मुंबई-पुण्याच्या प्रवाशास या साऱ्याचे महत्त्व आहेच. पण ज्या तालुक्यात मीटर पाडून प्रवास करणारा माणूस दिवसभरात दिसणे कठीण, तेथे मीटरच्या सूत्राने कोणाचे काय साधणार?

पाटण तालुक्याची रचनाच अशी आहे की एका रस्त्याने त्याचे भागत नाही. कराडहून मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाटाकडे जाणारा चिपळूण रस्ता हा तालुक्याचा कणा. त्यावर एस.टी. धावते आणि बऱ्यापैकी धावते. परंतु माणसे राहतात ती तारळे, चाफळ, मोरगिरी, ढेबेवाडी या खोऱ्यांत आणि त्यांवरच्या पठारांवर विखुरलेल्या वाड्यांत. ढेबेवाडीकडच्या माणसास बाजारहाट कराडचा सोयीचा, पण तहसीलदारांच्या कचेरीत काम निघाले की पाटण गाठणे भाग. अशा वाडीला दिवसातून एक-दोन फेऱ्या करणारी एस.टी. चुकली, तर दाखल्यासाठी निघालेल्या म्हाताऱ्याने किंवा दवाखान्याला निघालेल्या बाळंतिणीने काय करावे, याचे उत्तर कायदा देत नाही. ते वडाप देते.

आणि गरज पडली तेव्हा शासनानेच ते मान्य केले आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. त्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, खाजगी वाहनांतून प्रवासी नेण्यास शासनाने अधिसूचना काढून मोकळीक दिली. आदल्या आठवड्यापर्यंत जो गुन्हा होता, ती एका कागदाने लोकसेवा ठरली. संप मिटला आणि ती पुन्हा गुन्हा झाली. वाडीतल्या माणसाच्या प्रवासात मात्र दोन्ही वेळा काडीचाही फरक पडला नव्हता.

वडापची तरफदारी करताना त्याचे दोष झाकून चालणार नाही. तिघांच्या रिक्षेत सात-आठ माणसे कोंबून घाट उतरणे हे जिवाशी खेळणे आहे. त्याची किंमत अपघातानंतर अधिक कळते. परवान्यापेक्षा जास्त प्रवासी असतील तर विमा कंपनीचे दायित्व परवान्यातील प्रवासीसंख्येपुरतेच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका बस अपघाताच्या प्रकरणात ठरविले. विम्याची ती मर्यादित रक्कम सर्व जखमींत आणि मृतांच्या वारसांत वाटून द्यावयाची. उरलेली मालकाकडून वसूल करावयाची. कर्जावर रिक्षा घेतलेल्या मालकाकडून ती कितीशी वसूल होणार? म्हणजे बेकायदेशीरपणाचा खरा दंड चालकापेक्षा प्रवाशालाच भरावा लागतो. तोही अशा प्रवाशाला, ज्याच्यापुढे दुसरे वाहन नव्हते.

नियंत्रणाचा सारा जोर मात्र कागदांवर. योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणास उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये हा केंद्राचा २०१६ चा नियम राज्यात मे २०२४ पासून अमलात आला, चालक रस्त्यावर उतरले आणि जुलैत त्याला स्थगिती द्यावी लागली. वाहन सुस्थितीत असावे याविषयी दुमत नाही. पण ज्याचा धंदाच बेकायदा ठरविला आहे, त्याने कागद तेवढे कायदेशीर ठेवावेत ही अपेक्षा चमत्कारिक आहे. रोज दंडाची पावती किंवा तडजोड यांतून निवड करणाऱ्यास नियमाचा आदर वाटेल कसा?

एस.टी.ची तक्रारही खोटी नाही. कराड-पाटण रस्त्यावर बसच्या पाच मिनिटे आधी निघून तिचे प्रवासी उचलणारे वडाप महामंडळाचे उत्पन्न खाते, आणि त्याच उत्पन्नावर आडवळणाच्या तोट्यातल्या फेऱ्या चालतात. म्हणून मुख्य रस्त्यावर बंदी कडक असावी, स्थानकापासून २०० मीटरचा दंडकही पाळला जावा. फाट्यापासून आत मात्र निराळा न्याय हवा. २०१९ च्या दुरुस्तीने ग्रामीण वाहतूक आणि अखेरच्या टप्प्याची जोडणी यांसाठी योजना आखण्याची, परवान्याच्या अटी शिथिल करण्याची तरतूद कायद्यात घातलीच आहे. तिचा आधार घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने नवारस्ता, मल्हारपेठ, ढेबेवाडी अशा ठिकाणांहून आतल्या वाड्यांपर्यंत ठराविक मार्गांचे माणशी भाड्याचे परवाने द्यावेत. चढ पाहून आसने ठरवावीत. भाड्याचा फलक थांब्यावर लावावा. आणि पहिली खेप एस.टी.च्या वेळेला जुळवावी.

एक प्रश्न तरीही राहतो, तो सवलतींचा. २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांस एस.टी.चा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. ज्या वाडीत बसच जात नाही, तेथील म्हातारी पूर्ण भाडे मोजून वडापने फाट्यावर येते आणि तेथून पुढे तिचा मोफत प्रवास सुरू होतो. परवाना दिलेल्या रिक्षेस या सवलतीची भरपाई द्यावी की नाही, हे ठरविताना महामंडळाला त्या वाडीवर फेरी चालविण्यास काय खर्च आला असता, याचा हिशेब शासनाने आधी मांडावा.