वेग हॉलपुरताच

घोडनदीच्या जुन्या पेठेत काय नि दौंडात रुळांपलीकडच्या वसाहतीत काय, ‘नेट चालत नाही’ ही तक्रार एकाच सुरात ऐकू येते. उपायही ठरलेला. आधी राऊटर बंद-चालू करायचा, मग कंपनीच्या नावाने बोटे मोडायची आणि शेवटी पन्नासचा प्लॅन शंभरचा करून घ्यायचा. पैसे जातात, आतल्या खोलीतल्या संगणकावर ते गोल चक्र फिरतच राहते.

दोष कंपनीचा की घरचा, हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. फायबरच्या मोडेमवर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला की बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. गळीत हंगामात खांबांवरून लोंबणारी तार उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉलीला अडकली, नाहीतर रस्त्याकडेला जेसीबीचा दात लागला, की हा दिवा पेटलाच. तेव्हा खुशाल भांडा. पण दिवा लाल नाही आणि राऊटरशेजारी मोबाइलवर नेट पळते आहे, तर दुखणे घरातलेच.

आणि ते बहुधा जागेचे असते. तार जिथून घरात शिरली तिथेच, टीव्हीमागे राऊटर ठोकलेला. पुढे जुन्या घराची दगडी भिंत, तिला टेकून लोखंडी कपाट. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण अशा भिंतीपुढे लवकर हात टेकते. २.४ची जरा दूर पोचते. मात्र हा पट्टा आपल्याकडे २००५ साली परवानामुक्त झाला असल्याने शेजारीपाजारी सगळ्यांचे राऊटर तिथेच गर्दी करतात, त्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही भर घालतो. राऊटर मधल्या पॅसेजमध्ये, उंचावर आणला तरी बराच फरक पडतो. लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच नेट सोडत असेल, तर विंडोज वीज वाचवायला वाय-फाय कार्ड बंद करते का ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहावे आणि ती खूण काढून टाकावी.

टेबलावरचा संगणक तर जागचा हलत नाही. त्याला वायरलेसचा हट्ट कशाला? लॅनची केबल शंभर मीटरपर्यंत चालते. एवढा मोठा वाडा आता कोणाचा उरला आहे?

खरी खोट जोडणी देण्याच्या रीतीत आहे. मुलगा येतो, हॉलमध्ये तार टेकवतो, राऊटरशेजारी उभा राहून स्वतःच्या मोबाइलवर वेग दाखवतो आणि पुढच्या घरी निघतो. तो वेग संगणक ठेवलेल्या खोलीत, दार लावून मोजून दाखवावा. ग्राहकानेही तो तिथे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.