फवारणी केली, तरी तुडतुडे वाढले कसे?

न्हावा शेवा म्हटलं की डोळ्यांसमोर कंटेनर येतात. पण बंदर ज्या उरण तालुक्यात आहे, तिथे अजूनही भात पिकतो. आणि भातावर तपकिरी तुडतुडे दिसले की पहिला हात जातो फवारणीच्या पंपाकडे.

घोळ इथेच होतो. तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी बसतात, अंडी पानाच्या आवरणात आत घालतात. वरून मारलेलं औषध तिथवर नीट पोहोचत नाही. मरतात ते तुडतुडे खाणारे कोळी आणि त्यांची अंडी शोषणारे मिरीड ढेकूण. साधारण आठवड्याभरात अंडी फुटतात आणि पिल्लांना खायला कुणी उरलेलं नसतं. इंडोनेशियाने याच कारणाने 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली होती.

मग करायचं काय? आधी चूड वाकवून तुडतुडे मोजा. चार-दोनच असतील आणि कोळी फिरत असतील, तर थांबा. युरियाचा मारा आवरा, खाचरातलं पाणी काही दिवस काढून टाका. (रीलमध्ये छान दिसणारा चतुरसुद्धा तुडतुडे खातो बरं का!)

अडचण एकच. खाचरं छोटी, बांधाला बांध लागलेला. तुम्ही थांबलात आणि शेजाऱ्याने पंप उचलला, तर तुमचे कोळीही वाचतीलच असं नाही.